चिप आली, माहितीपत्रक मागे राहिले

भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीजवळ, तानसा नदीच्या काठाने, गरम पाण्याची कुंडे आहेत. त्या भागातल्या शाळांत विज्ञान प्रदर्शन जवळ आले की कुंडाच्या तापमानाचा प्रकल्प कुणाला तरी सुचणारच. दिवसातून दोनदा तापमापी बुडवून आकडे लिहिणे सोपे आहे. पण रात्री पाणी किती निवते, नदीला पूर आल्यावर काय फरक पडतो, हे पाहायचे तर दर तासाची नोंद हवी. जवळच्या एखाद्या घरात वायफाय असेल, तर आज हे काम दोन-तीनशे रुपयांचे एक मॉड्यूल करते. 2014 पूर्वी एवढ्या पैशांत ते होत नव्हते. आणि 2014 मध्ये मॉड्यूल बाजारात आले तरी ते लगेच कुणाच्या उपयोगी पडले नाही. असे का झाले, ते आपण पाहू.

आधी थोडे मागे जाऊ. 2005 साली इटलीतील इव्रेआ या गावी कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावा असा एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड तयार झाला. तोच आर्डुइनो. योगायोगाने त्याच वर्षी भारत सरकारने 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्‌झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. म्हणजे खेळायला पाटी मिळाली आणि बोलायला आकाशही मोकळे झाले. पण दोघांची गाठ पडायला पुढे नऊ वर्षे गेली.

अडचण स्मृतीची होती. आर्डुइनो उनो या लोकप्रिय बोर्डावर काम करण्यासाठीची स्मृती फक्त 2 किलोबाइट असते. वायफायवरून येणारी माहिती पुडक्यांनी येते आणि एकेक पुडके 1500 बाइटपर्यंत मोठे असू शकते. दुसरे पुडके ठेवायला जागाच उरत नाही! शिवाय पासवर्ड तपासणे, सांकेतिक लिपी उलगडणे, हरवलेले पुडके पुन्हा मागवणे ही कामे वेगळीच. तेव्हा उपाय एकच: वायफायचे सारे काम दुसऱ्या एका प्रोसेसरकडे सोपवायचे आणि बोर्डाने त्याला नुसत्या आज्ञा द्यायच्या. अशी जोड-पाटी आर्डुइनोने 2012 मध्ये काढलीही, परंतु तिची किंमत मूळ बोर्डाच्या कितीतरी पट होती. शाळेच्या प्रयोगशाळेत ती परवडण्याचा प्रश्नच नव्हता.

2014 च्या ऑगस्टमध्ये चिनी बाजारातले एक चिमुकले मॉड्यूल पाश्चात्त्य हौशी मंडळींच्या नजरेस आले. त्याचे नाव ईएसपी-01. बोटाच्या पेराएवढी पाटी, आठ पिना, किंमत पाच डॉलरच्या आसपास. आत शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी8266 ही चिप. त्याच्याशी बोलायचे ते 'एटी' आज्ञांनी. ही भाषा डेनिस हेज यांच्या 1981 च्या टेलिफोन-मोडेमपासून चालत आली आहे. 'एटी' म्हणजे 'अटेन्शन', आपल्या कवायतीतले 'सावधान'. बोर्डाने 'एटी' म्हणावे आणि मॉड्यूलने 'ओके' म्हणावे, इतका साधा संवाद.

पण 'ओके' येईचना. माहितीपत्रक होते ते चिनी भाषेत, आणि तेही अपुरे. मग निरनिराळ्या देशांतल्या लोकांनी, एकमेकांना न भेटता, ते उतरवून काढायला सुरुवात केली. आमच्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. कारण भाषांतराने अर्धेच काम झाले. उरलेले मापूनच कळायचे होते.

उदाहरणार्थ, 'सीएच-पीडी' नावाची एक पिन 3.3 व्होल्टला जोडली नाही तर मॉड्यूल झोपून राहते. काही मॉड्यूल सेकंदाला 9600 बिट या वेगाने बोलत, तर काही 115200 ने. वेग जुळला नाही तर पडद्यावर नुसती गिचमिड दिसे. तिसरी अडचण विजेची. प्रक्षेपण करताना चिप 170 मिलिअँपिअरच्या घरात प्रवाह ओढते, आणि उनोची 3.3 व्होल्टची पिन 50 मिलिअँपिअरपुरतीच सांगितलेली आहे. त्यामुळे आज्ञा घेताना मॉड्यूल शहाण्यासारखे वागे आणि संदेश पाठवायची वेळ आली की बंद पडे. दोष आज्ञावलीत आहे असे वाटून लोक तीच पुन्हा पुन्हा तपासत बसत.

चौथी गोष्ट तर दहावीच्या वर्गात फळ्यावर मांडण्याजोगी आहे. उनोच्या पिनेतून 5 व्होल्टचा संकेत निघतो, मॉड्यूलला 3.3 हवा. दोन रोध एकसरीत जोडा, 1 आणि 2 किलोओहमचे. 2 किलोओहमच्या रोधाचे दुसरे टोक भूमीला लावा आणि दोहोंच्या मधल्या बिंदूपासून संकेत घ्या. एकूण रोध 3, त्यातला 2 चा वाटा, म्हणून 5 गुणिले 2 भागिले 3, म्हणजे 3.33 व्होल्ट. ओहमचा नियम कशाला शिकायचा असे विचारणाऱ्या मुलापुढे हे दोन रोध ठेवावेत.

ऑक्टोबर 2014 मध्ये कंपनीने चिपसाठी थेट आज्ञावली लिहिण्याची साधने खुली केली, आणि एक गंमत उघडकीला आली. ज्या बोर्डाला हे मॉड्यूल जोडायचे तो 16 मेगाहर्ट्‌झवर चालणारा 8 बिटांचा. आणि हा मदतनीस 80 मेगाहर्ट्‌झचा, 32 बिटांचा! मालकापेक्षा गडी हुशार निघाला. 2015 मध्ये आर्डुइनोच्याच पद्धतीने त्या चिपला आज्ञा देता येऊ लागल्या आणि पुष्कळ प्रकल्पांतून मूळ बोर्ड गळून पडला. 2016 मध्ये ईएसपी32 ही पुढची चिप आली.

याच कंपनीचे एक अभियांत्रिकी केंद्र पुण्यातही आहे. चिपची अधिकृत मार्गदर्शिका मात्र इंग्रजी व चिनी या दोन भाषांत निघते. 2014 मध्ये चिनी पत्रक हातात घेऊन बसलेल्या इंग्रजी वाचकाची जी गत झाली, तीच मराठी माध्यमाच्या नववीतल्या मुलाची इंग्रजी पत्रकापुढे होते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने संगणकाचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकवले आहेत, तेव्हा हे अशक्य नाही. अटल टिंकरिंग प्रयोगशाळा असलेल्या शाळांत बोर्ड आणि सेन्सर पोहोचले आहेत; तिथल्या कपाटाला चिकटवायला एक मराठी पान पुरे. त्यावर आठ पिनांची आकृती हवी, प्रत्येक पिनेचा व्होल्ट हवा, लागणारा प्रवाह हवा, आणि 'ओके' आले नाही तर काय काय तपासायचे, ते ज्या क्रमाने तपासायचे त्याच क्रमाने. खाली तारीख आणि मॉड्यूलवरचा छापील क्रमांकही लिहावा, कारण पुढच्या खेपेला येणारे मॉड्यूल तेच असेल असे नाही.