केवड्याच्या बनातला पूर्वज

जपानच्या अगदी दक्षिणेला, तैवानजवळ, याएयामा बेटं आहेत. तिथल्या इशिगाकी बेटावर जगाच्या जन्माची एक कथा सांगतात. देवाने जमीन केली, तिच्यावर आदानाची बनं उगवली. आदान म्हणजे आपल्या केवड्याच्याच कुळातलं झाड. त्या बनातल्या एका बिळातून सर्वांत आधी शंखखेकडा बाहेर आला. माणूस आला तो त्याच्या मागून, त्याच बिळातून.

हा खेकडा तिथे ‘आमान’ म्हणून ओळखला जातो. उत्तरेकडच्या ओकिनोएराबु बेटावर बायका मनगटावर आमानची आकृती गोंदवून घेत आणि आपलं मूळ त्याच्यापाशी आहे, असं सांगत. पुढे सरकारने गोंदणावर बंदी आणली; ओकिनावात ती 1899 साली आली. गोंदलेल्या हातांची ती पिढी आता उरलेली नाही. या बेटांवर आमान गळाला आमिष म्हणूनही लावत. इतका तो मुबलक होता.

कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत दिसणारे शंखखेकडे समुद्रातले. आमान मात्र जमिनीवर राहतो. दिवसा पाल्यापाचोळ्याखाली दडायचं, रात्री बाहेर पडून आदानाची गळून पडलेली फळं खायची, असा त्याचा दिनक्रम. एका जातीचा रंग पिकल्या जांभळासारखा असतो. दुसरी एक जात हातात धरली की किरकिर आवाज काढते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ओगासावारा आणि ओकिनावा हे जपानच्या दक्षिणेकडचे दोन द्वीपसमूह अमेरिकेच्या ताब्यात होते. 1968 साली ओगासावारा जपानकडे परत आलं. तिथे जमिनीवर राहणारा हा खेकडा दुर्मीळ वाटल्याने 1970 मध्ये त्याला ‘नैसर्गिक स्मारक’ ठरवून सांस्कृतिक वारसा कायद्याचं संरक्षण दिलं गेलं. देवळं आणि पुतळे ज्या कायद्याने जपतात, तोच हा कायदा. मग 1972 साली ओकिनावा परत आलं, आणि तिथले किनारे तर या खेकड्यांनी भरलेले! पिढ्यान्‌पिढ्या तो पकडत आलेल्या लोकांची रोजीरोटी एका फटक्यात बंद करणं सरकारला जमण्यासारखं नव्हतं. ठरावीक लोकांना मर्यादित संख्येने खेकडे पकडण्याचा परवाना मिळाला. राष्ट्रीय वारसा ठरलेला प्राणी अशा रीतीने कायदेशीरपणे विक्रीलाही आला.

परवान्याच्या या वाटेने आमान मुख्य बेटांवरच्या उन्हाळी जत्रांत आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांत पोचला. मुलांना तो लगेच आवडतो. चावत सुटत नाही, भुंकत नाही, तळहातावर ठेवलं की थोडा वेळ दडून राहतो आणि मग आधी डोळ्यांचे देठ, मागून मिशा बाहेर काढतो. पण विकत घेणाऱ्याला त्याच्या गरजा क्वचितच कोणी सांगतं. त्याचे कल्ले ओलसर राहिले तरच त्याला श्वास घेता येतो, म्हणून पेटीतली हवा कायम दमट लागते. पाणी दोन प्रकारचं लागतं, गोडं आणि खारं. वाळूचा थर एवढा खोल हवा की अख्खा खेकडा आत गाडून घेऊ शकेल, कारण कात टाकताना तो कित्येक आठवडे वाळूतच असतो. तो मेला असं समजून उकरून काढणारे लोक त्याचा खरोखरच जीव घेतात. शिवाय अंग वाढत जातं तसा मोठा शंख हवा. हे सगळं नीट मिळालं तर तो 30 वर्षांहून अधिक जगू शकतो. जत्रेतून आणलेले बहुतेक त्याच्या आसपासही जात नाहीत.

ही हानी घरच्या घरी भरून निघत नाही. मादी उन्हाळ्याच्या रात्री किनाऱ्यावर उतरून पिल्लं समुद्रात सोडते. ती काही आठवडे पाण्यावर तरंगतात, रूपं बदलतात, शेवटी इवलासा शंख शोधून जमिनीवर चढतात. एवढा समुद्र पेटीत उभा करणं फार अवघड, त्यामुळे विक्रीतले जवळजवळ सगळे खेकडे किनाऱ्यावरूनच उचललेले असतात.

मागणी जपानबाहेरही गेली आहे. मे 2025 मध्ये ओकिनावाच्या उत्तरेकडच्या अमामी बेटावरच्या एका हॉटेलात कर्मचाऱ्यांना पाहुण्यांच्या सामानातून खुडखुड ऐकू आली. पोलिसांनी सूटकेस उघडल्या तेव्हा आत हजारो जिवंत शंखखेकडे एकमेकांवर रचलेले होते. तिघांना अटक झाली.