मुळशीच्या घाटवाटा, लावलेले वन आणि सायकलीचा मार्ग

पुण्याहून भूगाव, पिरंगुट आणि पौड ओलांडून मुळशी जलाशयाच्या काठाने ताम्हिणी घाटात शिरणारा आणि पुढे कोकणात विळ्याकडे उतरणारा रस्ता लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना चांगला परिचित आहे. चढ, पाणी आणि झाडी यांचा सलग सहवास या मार्गावर लाभत असल्यामुळे हे सारे आदिम अरण्य असावे असा समज सहज होतो. परंतु रस्ता ज्या वळणाने जातो ते वळण आणि त्याच्या कडेला उभी असलेली बरीचशी झाडे ही दोन्ही गेल्या दीडशे वर्षांत या खोऱ्याच्या जमिनीविषयी घेतल्या गेलेल्या, आणि बहुधा खोऱ्याबाहेर घेतल्या गेलेल्या, निर्णयांतून आकाराला आली आहेत.

चाकाचा रस्ता येण्यापूर्वी मुळशीतील दळणवळण घाटवाटांवर, म्हणजे सह्याद्रीचा कडा उतरून कोकणात जाणाऱ्या पायवाटांवर चाले. तैलबैलाजवळचा सवाष्णीचा घाट आणि वाघजाईचा घाट, तसेच पिंपरीहून अंधारबनाच्या दाट झाडीतून भिऱ्याकडे उतरणारी वाट या त्यांपैकी आजही चालत्या असलेल्या वाटा होत. कोकणातील मीठ आणि सुकी मासळी अशा वाटांनी वर येई, देशावरचे धान्य खाली जाई, आणि हा व्यापार माणसांच्या डोक्यावरून किंवा बैलांच्या पाठीवरून होत असल्याने खोदलेल्या पायऱ्या व अरुंद नाळा त्याला पुरेशा ठरत. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे चढली, तेव्हा मुंबई व देश यांच्यातील वाहतूक उत्तरेकडे ओढली गेली. मुळशीच्या वाटा त्यामुळे पायवाटाच राहिल्या, आणि कड्यालगतची झाडी पुढे बराच काळ टिकण्यास ही उपेक्षा काही अंशी कारणीभूत झाली असावी.

ही झाडी मानवी वावरापासून अस्पर्श मात्र नव्हती. भातशेती करणारा मावळातील शेतकरी रोपे टाकण्यापूर्वी जमीन भाजून घेतो; त्यासाठी ऐन, किंजळ यांसारख्या झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून पेटवण्याच्या पद्धतीला राब म्हणतात. झाड न पाडता त्याच्या फांद्या वारंवार छाटल्या जात असल्याने रानाला एक विशिष्ट खुजे रूप येई, आणि या रूपाकडे वसाहतकालीन वनखाते नासाडी म्हणून पाही. १८७८ च्या वन कायद्याने राखीव व संरक्षित वनांची व्यवस्था आणल्यावर मुंबई इलाख्यात राबाच्या हक्कावरून इतका असंतोष माजला की सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. याच भूप्रदेशात देवराई, म्हणजे ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले आणि जिथली काटकीही तोडायची नाही असे बन, ही दुसरी व्यवस्था नांदत होती. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा भोवतालच्या रानातून नाहीसे झालेले जुने वृक्ष व महावेली या छोट्या बनांत टिकून असल्याचे अभ्यासकांच्या ध्यानी आले. राबाचे रान आणि देवीचे रान एकच गाव राखत असे, हे लक्षात घेतल्याशिवाय मुळशीच्या वनाचा इतिहास समजत नाही. शेतकऱ्याला केवळ वनाचा शत्रू ठरवणारी भूमिका म्हणूनच अपुरी पडते.

खोऱ्याचा कायापालट धरणाने केला. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटांच्या कंपन्यांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते कोकणात सोडण्याची योजना आखली होती आणि तिचे पहिले केंद्र खोपोलीला १९१५ मध्ये सुरू झाले होते. त्यानंतर मुळा व निळा या नद्यांच्या संगमापाशी धरण बांधण्याचे ठरले, आणि आंबेमोहर भातासाठी नावाजलेल्या खोऱ्यातील सुमारे पन्नास गावांच्या जमिनी धोक्यात आल्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर बसून सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होते, आणि बापट यांना सेनापती ही पदवी याच लढ्याने मिळवून दिली. काम काही काळ थांबले, परंतु सरकारने भूसंपादन कायद्याचे बळ कंपनीच्या पाठीशी उभे केल्यावर ते पुन्हा सुरू झाले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याच्या अभ्यासात दाखवून दिले आहे की जमिनीवर हक्क असलेल्या सावकार वर्गाला मोबदल्यात रस होता आणि कसणाऱ्या मावळ्याला जमीनच हवी होती. हा भेद लढ्याच्या पराभवाचे एक मोठे कारण ठरला, आणि तो विसरून केवळ नेत्यांच्या त्यागाचे वर्णन करणे हा मावळ्यांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होय. १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र चालू झाले. पूर्वेकडे वाहणाऱ्या मुळेचे पाणी तेव्हापासून बोगद्यातून पश्चिमेला, सुमारे ५०० मीटर खाली, कोकणात उतरते. नदीकाठची गावे आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा पाण्याखाली गेल्याने उरलेली वस्ती काठावर सरकली. आज जलाशयाला वळसा घालत जाणाऱ्या रस्त्याची वळणे नदीच्या जुन्या पात्राला धरून नसून पाण्याच्या नव्या रेषेला धरून आहेत.

युरोपात याच सुमारास वनाचा दुसरा इतिहास घडत होता. फ्रान्सच्या लांद प्रांतात १८५७ च्या कायद्यानंतर दलदलीच्या माळावर चीड वर्गातील, म्हणजे सुईसारख्या पानांच्या, झाडांची प्रचंड लागवड झाली, आणि पहिल्या महायुद्धातील लाकूडटंचाईनंतर ब्रिटनने १९१९ मध्ये वनलागवडीसाठी स्वतंत्र आयोग स्थापन केला; अशा वनांतून काढलेल्या वाटांवर पुढे सायकलींचे मार्ग आखले गेले. दक्षिण भारताच्या द्वीपकल्पात चीड निसर्गतः उगवत नाही आणि कोडाईकनालसारख्या थंड ठिकाणी तो माणसाने नेऊन लावला. मुळशीच्या उष्ण, मुसळधार पावसाच्या प्रदेशात लागवडीचे वन आले ते वेगळ्या झाडांचे. महाराष्ट्रात १९८२ मध्ये सामाजिक वनीकरणाची, म्हणजे सरपण व चारा यांसाठी गावालगत झाडे लावण्याची, स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. त्या काळात निलगिरी, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प यांची लागवड पुणे जिल्ह्याच्या डोंगरांवर पसरली, आणि धरणाच्या पाणलोटात कंपनीनेही वृक्षारोपण केले. एकाच वयाच्या व एकाच जातीच्या झाडांची ही सरळ लागवड उघडा डोंगर लवकर हिरवा करते, परंतु तिच्या तळाशी हिरडा, अंजनी वा कारवी यांची बहुविध वाढ सहसा होत नाही. ताम्हिणीच्या बाजूला दिसणारे निमसदाहरित रान मुख्यतः जुने आहे, आणि तेथील काही क्षेत्र २०१३ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. शेकरू, म्हणजे झाडावर घरटे करणारी मोठी खार, तेथे आढळते.

सायकल या खोऱ्यात हौशी प्रवासाचे साधन म्हणून उशिरा आली. इंग्लंडमध्ये सायकलप्रवाशांची संघटना १८७८ मध्ये, तर फ्रान्समध्ये १८९० मध्ये स्थापन झाली होती. पुण्यात मात्र सायकल हे दीर्घकाळ विद्यार्थी, कारकून आणि कामगार यांचे रोजचे वाहन होते, आणि त्यामुळेच सायकलींचे शहर ही पुण्याची ख्याती झाली. स्कूटर व मोटारसायकल यांनी तिला रोजच्या वापरातून हटवल्यावर ती शहराबाहेरच्या रस्त्यांवर व्यायाम व भ्रमंतीसाठी परतली. अलीकडे पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार होणारे ब्रेव्हे, म्हणजे २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांत कोणाशीही शर्यत न लावता पुरे करण्यासारखे उपक्रम, पुण्यातही रुजले आहेत. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर या आंतरराष्ट्रीय शर्यतीचा एक टप्पा मुळशी व मावळ या तालुक्यांतून गेला. स्पर्धकांना हे खोरे चढ-उतारांच्या आलेखापुरते उमगले असेल. पण मुळशीत सावकाश हिंडणाऱ्या सायकलस्वाराला गिरिपुष्पाच्या एकसारख्या रांगा, राबासाठी छाटलेला ऐन आणि देवराईतील महावेली यांतील फरक रस्त्यावरूनच ओळखता येतो, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस जलाशयाची पातळी खालावली की काठाकडे उघड्या पडणाऱ्या जमिनीवर पूर्वी भाताची खाचरे होती, हेही त्याला ठाऊक असू शकते.