सुरतेहून बऱ्हाणपुरास : दोन व्यापारी प्रवासी

व्यापारासाठीं परदेशीं निघालेला मनुष्य देश पाहावयास निघालेला नसतो. परंतु वाट चालणें भाग असल्यामुळें देश त्याच्या दृष्टीस पडतोच. सतराव्या शतकांत सुरत बंदरांत उतरलेल्या युरोपीय व्यापाऱ्यास आग्र्याकडे जावयाचें असे, तेव्हां त्याच्यापुढें दोन मार्ग असत. एक अहमदाबादेवरून आणि दुसरा खानदेशांतून, बऱ्हाणपुरावरून. हा दुसरा मार्ग नवापूर, नंदुरबार करीत थाळनेरास तापी ओलांडी आणि चोपडें, रावेर यांवरून नदीच्या उत्तर अंगानें बऱ्हाणपुरास जाई. पुढें १९०० च्या सुमारास तापीच्या खोऱ्यांतून लोहमार्ग आला, तो नदीच्या दक्षिणेकडून, अमळनेर-धरणगांवावरून. तेव्हांपासून थाळनेर व चोपडें हीं एके काळचीं हमरस्त्यावरचीं गांवें आगगाडीच्या उतारूंच्या दृष्टीआड राहिलीं.

या मार्गानें गेलेल्या व्यापाऱ्यांत झां बातिस्त ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या विशेष प्रसिद्ध आहे. १६०५ सालीं पॅरिसमध्यें एका नकाशे विकणाऱ्याच्या घरीं तो जन्मला. घरांत नकाशे आणि मनांत देशाटन. मग १६३१ ते १६६८ या काळांत त्यानें पूर्वेकडे सहा सफरी केल्या. गोवळकोंड्याकडील हिऱ्यांच्या खाणी पाहिल्या, औरंगजेबाचें रत्नभांडार पाहिलें, आणि चौदाव्या लुईस हिरे विकून पुढें तो सरदार झाला. खानदेशांत मात्र त्याची दृष्टि रत्नांवर नव्हे, रोजच्या वस्तूंवर खिळली. नवापुरचा बारीक तांदूळ बर्फासारखा पांढरा असून त्याला कस्तुरीसारखा वास येतो, बडे लोक दुसरा तांदूळ खात नाहींत, असें तो लिहितो. बऱ्हाणपुरचें तलम, पारदर्शक कापड इराण, तुर्कस्थान, रशिया, पोलंड, अरबस्थान व कैरो येथपर्यंत जातें, त्याचे बुरखे व ओढण्या होतात, कांहीं कापडांत सोन्यारुप्याच्या तारांचे पट्टे असतात, हें सर्व त्यानें गिऱ्हाइकाच्या बारकाईनें टिपलें.

सर्वांत गोड वर्णन आहे तें बैलांचें. भाड्याच्या गाडीस दिवसाला सुमारें १ रुपया पडे, आणि सुरत ते आग्रा ही मजल ३५ ते ४० दिवसांची. ताव्हेर्निएनें स्वतःची जोडी घेतली, ती त्याला जवळजवळ ६०० रुपयांस पडली. अर्धी मजल झाली कीं बैलांना लोणी व काळा गूळ घालून मळलेले कणकेचे दोन-तीन गोळे द्यावे, आणि संध्याकाळीं भरडून अर्धा तास भिजविलेले हरभरे, असा खुराक त्यानें नोंदला आहे. पोळ्याला बैलाच्या तोंडीं पुरणपोळी देणाऱ्या खानदेशी शेतकऱ्यास हा परदेशी मनुष्य नक्कीच आवडला असता. मात्र एके ठिकाणीं त्याची मोठी गंमत झाली आहे. थाळनेरास जी नदी तो उतरला ती भडोचास जाते असें त्यानें लिहून ठेवलें. ज्या सुरतेहून तो निघाला होता त्याच सुरतेस ती तापी जाते, हें त्याच्या ध्यानीं आलें नाहीं!

पीटर मंडी हा इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. तो कॉर्नवॉलचा, जें पाहावें तें मोजावें, जमल्यास त्याचें चित्र काढावें, असा त्याचा स्वभाव. १६३० च्या नोव्हेंबरांत तो कंपनीच्या कामावर सुरतेहून आग्र्यास निघाला. ज्या वर्षाच्या आरंभीं शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला तेंच हें वर्ष. त्या वर्षीं पाऊस पडला नव्हता. गुजराथ व खानदेश यांत दुष्काळ पडला होता, आणि मंडीची वाट नेमकी त्यांतून होती. रस्ता प्रेतांनीं भरलेला. दुर्गंधीपासून क्षणभर सुटका नाहीं. नंदुरबारास तर लहानसा तंबू ठोकण्यापुरती मोकळी जागा मिळणें कठीण झालें. गांवांतून मेलेल्यांना, बाया-पुरुष-मुलें न पाहतां, पाय धरून वेशीबाहेर ओढून टाकीत होते. प्रवाशांच्या घोड्याबैलांच्या शेणांत न पचलेले दाणे सांपडतील म्हणून माणसें तें चिवडीत होतीं. दुसऱ्या प्रवाशाच्या बैलांच्या खुराकाची हकीकत याच वाटेवरची आहे, हें मनांतून जात नाहीं.

त्या वेळीं शाहजहान बादशहा बऱ्हाणपुरास तळ देऊन होता. बादशहाच्या इतिहासकारानें लिहिलें आहे, कीं बऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथें अन्नछत्रें उघडलीं, आणि बऱ्हाणपुरास दर सोमवारीं ५,००० रुपये गरिबांस वाटले जात. हें खोटें मानण्याचें कारण नाहीं. पण छत्रें शहरांत होतीं आणि मंडीनें पाहिलेलीं प्रेतें वाटेवरच्या गांवांत होतीं. तेथील माणसें बऱ्हाणपुरापर्यंत चालत जाण्यासारखीं उरलीं नव्हतीं. बऱ्हाणपूर सोडून उत्तरेकडे जातांना मंडीस बंजाऱ्यांचा एक तांडा भेटला. १४,००० बैल, सर्वांच्या पाठीवर धान्य. देशांत धान्य अगदीं नव्हतें असें नाहीं. तें बैलाच्या पाठीवरून जेथें पैका आणि लष्कर होतें तेथें जात होतें.

१६३१ च्या जूनमध्यें मुमताजमहल बऱ्हाणपुरास वारली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेंत ठेवलेला तिचा देह वर्षअखेरीस आग्र्यास नेला. तेथें उभ्या राहत असलेल्या कबरीचें काम मंडीनें स्वतः पाहिलें आणि तिच्याभोंवतीं सोन्याचा कठडा असल्याचें लिहून ठेवलें. ज्या वहींत नंदुरबारचीं प्रेतें आहेत त्याच वहींत हा कठडाहि आहे.

ताव्हेर्निएचा ग्रंथ १६७६ सालीं पॅरिसमध्यें छापून निघाला आणि लवकरच युरोपभर वाचला गेला. मंडीची वही ऑक्सफर्डच्या ग्रंथसंग्रहांत हस्तलिखित स्वरूपांत पडून राहिली. तिच्यांतील हिंदुस्थानचा भाग हॅक्लुट सोसायटीनें छापला, तो १९१४ सालीं.