मुद्दाम बिघडवलेला आवाज: रॉ ब्लॅक मेटलची गोष्ट

आज आपण अशा संगीताबद्दल बोलणार आहोत, जे पहिल्यांदा ऐकलं की बहुतेकांना वाटतं, आपला हेडफोनच बिघडलाय. गिटारच्या जागी सलग खरखर, ड्रम म्हणजे पत्र्यावर कोसळणारा पाऊस, आणि गायक कुठेतरी लांब, दुसऱ्या खोलीत किंचाळतोय. याला म्हणतात रॉ ब्लॅक मेटल. रॉ म्हणजे कच्चं. आता प्रश्न असा की, चांगला स्टुडिओ हाताशी असताना काही पोरांनी हा आवाज मुद्दाम का निवडला? आणि तीस वर्षं उलटून गेल्यावरही लोक तो का ऐकतात?

सुरुवात नावापासून करू. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडचा अल्बम आला, त्याचं नाव 'ब्लॅक मेटल'. नाव तिथून मिळालं, आवाज मात्र तुकड्यातुकड्यांनी जमत गेला. १९८४ मध्ये स्टॉकहोमला क्वॉर्थन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने गॅरेजचा स्टुडिओ केलेल्या जागेत बाथरी या आपल्या बँडचा पहिला अल्बम रेकॉर्ड केला. आवाज धुरकट, जणू बंद दाराआडून येणारा. १९८७ मध्ये ब्राझीलच्या बेलो होरिझॉन्टे शहरातल्या सार्कोफागो बँडने 'आय.एन.आर.आय.' काढला. चेहऱ्याला रंग, अंगावर खिळे, आणि ड्रमचा वेग असा की ठोके मोजताच येऊ नयेत.

हे सगळं पसरलं कसं? इंटरनेट नाही, यूट्यूब नाही. पसरलं पोस्टाने. एक मुलगा कॅसेट कॉपी करून दुसऱ्या देशातल्या मुलाला पाठवायचा, तो तिची कॉपी करून तिसऱ्याला. आता कॅसेटची गंमत अशी की प्रत्येक कॉपीत थोडा आवाज हरवतो आणि थोडी खरखर वाढते. तुम्ही-आम्ही फाइल फॉरवर्ड करतो तेव्हा हजारावी फाइलही पहिलीसारखीच असते. कॅसेटची चौथी कॉपी मात्र झिजलेली असायची. ज्या पोरांनी आपलं सगळ्यात लाडकं संगीत असंच ऐकलं, त्यांच्या कानाला ती खरखर दोष वाटलीच नाही. ती लांबून, गुपचूप आपल्यापर्यंत पोचलेल्या गोष्टीची खूण झाली.

आता येऊ नॉर्वेत. ऑस्लोजवळच्या कोल्बॉट्न गावातला बँड, डार्कथ्रोन. पीसव्हिल या इंग्लिश कंपनीशी करार झालेला. १९९१ च्या सुरुवातीला त्यांचा पहिला अल्बम आला, 'सोलसाइड जर्नी', स्टॉकहोमच्या नावाजलेल्या सनलाइट स्टुडिओत केलेला. संगीत डेथ मेटल, वादन तयारीचं, आवाज जाडजूड. तेव्हा चलती त्याचीच होती. म्हणजे गाडी अगदी रुळावर होती.

आणि या पोरांनी ती स्वतःच रुळावरून उतरवली. १९९२ च्या 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय'मध्ये तो जाडजूडपणा गायब झाला. कंपनी बिचकली, मिक्सिंग पुन्हा करायचं म्हणाली. पोरं म्हणाली, आहे तसा काढा, नाहीतर आम्ही दुसऱ्या लेबलकडून काढतो. अल्बम आहे तसाच निघाला. १९९४ च्या 'ट्रान्सिल्वेनियन हंगर'मध्ये तर कळसच झाला. फेनरिझने घरच्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर सगळी वाद्यं एकट्याने वाजवली, नोक्टर्नो कुल्टोने फक्त आवाज दिला. तिकडे बुर्झुमच्या व्हार्ग विकर्नेसने १९९३ मध्ये 'फिलोसोफेम' रेकॉर्ड करताना गाण्यासाठी साधा हेडसेटचा माइक वापरला.

पैसे नव्हते म्हणून हे झालं असं म्हणता येत नाही. गुळगुळीत आवाजाला दिलेला तो नकार होता.

ठीक आहे, नकार दिला. पण ऐकणाऱ्याला त्यात मिळतं काय? इथे थोडं हिशेबाने बोलू. या संगीतात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक ट्रेमोलो पिकिंग, म्हणजे एकच सूर पिकने भराभर खाली-वर छेडत राहणं. दुसरा ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमवरचे अखंड वेगवान ठोके. मिनिटाला २०० मात्रांचा वेग धरा, प्रत्येक मात्रेत गिटारचे चार आघात. म्हणजे सेकंदाला तेराच्या वर. एवढ्या वेगात कान आघात सुटे सुटे मोजायचं सोडून देतो.

छतावरचा पंखा आठवा. हळू फिरतो तेव्हा पाती दिसतात. पाचवर टाकला की पाती नाहीशी होतात आणि एक शांत, धूसर तबकडी उरते. रॉ ब्लॅक मेटलमध्ये नेमकं हेच होतं. वेग इतका वाढतो की संगीत थांबल्यासारखं वाटायला लागतं. आघात विरतात, उरतो एक सलग पडदा, आणि त्यावर दोन-तीन सुरांची धून अगदी संथपणे सरकते. तंबोरा ऐकणाऱ्या कानाला हा अनुभव अगदीच परका वाटू नये.

खरखरीचंही तसंच. गिटारचा आवाज फाटतो तेव्हा मूळ सुरावर अनेक वरचे सूर चढतात. त्या गर्दीत न वाजवलेल्या धुनी ऐकू आल्याचा भास होतो. चित्र अर्धवट असलं की डोळा ते पूर्ण करतो, तसा कान इथे कामाला लागतो. स्वच्छ रेकॉर्डिंग सगळं हातात देतं. हे संगीत म्हणतं, अर्धं तू ऐक, अर्धं तू रच.

आता न टाळता बोलायची गोष्ट. या संगीताचं नाव जगभर झालं ते सुरांमुळे नाही, गुन्ह्यांमुळे. जून १९९२ मध्ये बर्गनचं फान्टॉफ्ट हे जुनं लाकडी चर्च जाळलं गेलं, पाठोपाठ आणखी चर्चं पेटली. त्याच वर्षी एम्परर बँडच्या ड्रमरने एका समलिंगी माणसाचा खून केला. ऑगस्ट १९९३ मध्ये विकर्नेसने मेहेम बँडच्या युरोनिमसला भोसकून मारलं. खून आणि चर्चची जाळपोळ यासाठी त्याला १९९४ मध्ये २१ वर्षांची शिक्षा झाली. 'ट्रान्सिल्वेनियन हंगर'च्या मागच्या कव्हरवर 'नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल' अशा अर्थाचे शब्द होते, त्यातल्या चार गाण्यांचे बोल विकर्नेसचे होते. त्यावरून गदारोळ झाला आणि बँडला माफी मागावी लागली.

पण त्या 'आर्य' दाव्यातली विसंगती बघा. हा आवाज शुद्ध नॉर्डिक रक्तातून उगवला, हीच मुळात थाप. नाव न्यूकॅसलच्या बँडचं, धुरकटपणा स्टॉकहोमच्या गॅरेजातला. आणि वेग? तो वेडा वेग आणि चेहऱ्यावरचा रंग या गोष्टी ब्राझीलच्या पोरांनी १९८७ मध्येच करून ठेवल्या होत्या, आणि युरोनिमस त्यांच्या संगीताचा चाहता होता. पोस्टातून आलेल्या कॅसेटींवर वाढलेलं संगीत कुठल्या एका वंशाचं कसं असेल?

म्हणून ते पुढे नॉर्वेच्या ताब्यात राहिलंही नाही. फ्रान्समध्ये मोजक्या कॅसेटी काढणारी टोळकी तयार झाली. कॅलिफोर्नियात झॅस्थर, टास्मानियात स्ट्रिबोर्ग असे एकट्याने चालवलेले बँड उभे राहिले. अमेरिकेत पॅनॉप्टिकॉन या एकट्याच्या बँडने २०१२ मध्ये 'केंटकी' हा अल्बम काढला. विषय काय, तर कोळसा खाणीतल्या मजुरांचे लढे. ब्लास्ट बीटच्या जोडीला चक्क बॅन्जो! आणि हा माणूस उघडउघड फॅसिझमच्या विरोधातला.

माझ्या मते हे संगीत टिकलं ते यामुळे. स्टुडिओ नको, पैसा नको, चार माणसंही नकोत. एक खोली, एक गिटार, एक स्वस्त रेकॉर्डर. जे हाताशी आहे त्यात कर, कोणाची परवानगी मागू नकोस. काहींनी हे स्वातंत्र्य आग लावायला आणि खून करायला वापरलं. ते विसरायचं नाही, आणि कुठल्या बँडचा अल्बम विकत घ्यायचा हे ठरवताना ते लक्षात ठेवायचं. पण ते स्वातंत्र्य त्यांच्या मालकीचं कधीच नव्हतं.

जाता जाता एक टीप. ऐकून बघायचं असेल तर इक्वलायझरवर बेस वाढवू नका. या रेकॉर्डिंगमध्ये तो फारसा नाहीच. आवाज मध्यम ठेवा. पहिली दोन मिनिटं नुसती खरखर वाटेल. ठोके मोजायचा नाद सोडा आणि मागची धून शोधा. सापडली तर सांगा. नाही सापडली तरी सांगा. भेटू पुढच्या भागात!