साठवलेल्या उजेडाचं अनुदान

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी प्रश्न विचारला. त्यांनी छतावर दोन किलोवॅटची सौर पॅनेल बसवली आणि सोबत बॅटरीही घेतली. बॅटरीसाठी गटातून ४० हजारांचं कर्ज उचललं, कारण बसवणारा म्हणाला होता, "बॅटरीचेही पैसे सरकारकडून परत येतात." खात्यावर ६० हजार जमा झाले, पण ते पॅनेलचे. बॅटरीचा एक रुपयाही आला नाही. गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला भरावाच लागतोय. ताईंनी विचारलं, "सरकार चुलीला देतं, गॅसला देतं, पॅनेलला देतं, मग बॅटरीलाच का देत नाही?"

उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल. घरातला उजेड साठवून ठेवायला सरकारनं मदत करणं, ही काही नवी गोष्ट नाही. आपल्या आई-आजीच्या काळात साठवलेला उजेड म्हणजे रेशनचं रॉकेल. कॅन घेऊन रांगेत उभं राहायचं आणि ते महिनाभर चिमणी-कंदिलात पुरवायचं. त्या रॉकेलवर कित्येक वर्षं सरकारी अनुदान होतं. २०१६ पासून त्याचा दर थोडा थोडा वाढवत नेला आणि २०२० पर्यंत ते अनुदान संपलं.

दुसरी गोष्ट गोबर गॅसची. १९८१-८२ साली राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम सुरू झाला आणि संयंत्र बांधायला अनुदान मिळू लागलं. पुढे या कार्यक्रमात एक जादा तरतूद आली. संयंत्राला संडास जोडला तर वरती आणखी रक्कम मिळायची. म्हणजे मोठ्या योजनेच्या पोटात एक छोटी योजना. ज्यानं पंचायत समितीत जाऊन विचारलं, त्याला ती कळली. ज्यानं विचारलं नाही, त्याच्या हाती फक्त मूळ रक्कम पडली.

तिसरी गोष्ट निर्धूर चुलीची. १९८३ च्या सुमारास देशभर हा कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ मध्ये केंद्रानं तो थांबवला. अनुदान चूल बसवण्याचं होतं. कागदावर बसवलेल्या चुली मोजल्या गेल्या. पण धुराड्याचा पाईप फुटला, चूल तडकली, तर दुरुस्ती कोणी करायची? अनेक घरांत बाई पुन्हा तीन दगडांवर आली. यातून एक धडा मिळतो. वस्तू बसवायचं अनुदान मिळालं म्हणजे ती चालू ठेवायची सोय झाली, असं नाही.

आता बॅटरीकडे येऊ. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं. त्यात नाबार्ड आणि बँकांमार्फत घरगुती सौर दिव्यांना भांडवली अनुदान आणि कर्ज मिळायचं. ते अनुदान पुढे ४० टक्क्यांपर्यंत गेलं. या दिव्यांच्या संचात पॅनेल, दिवे आणि बॅटरी असं सगळं एकत्र होतं. म्हणजे घरगुती बॅटरीला तेव्हा अनुदान होतं, फक्त तिचं नाव वेगळं लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर २०१७ मध्ये सौभाग्य योजना आली. जिथे विजेचे खांब पोचणं कठीण, अशा दुर्गम पाड्या-वस्त्यांवरच्या घरांना २०० ते ३०० वॅटचा सौर संच मोफत द्यायचं ठरलं. त्यात पाच एलईडी दिवे, एक पंखा, एक प्लग आणि बॅटरी होती. पाच वर्षं देखभाल-दुरुस्तीचीही तरतूद होती. पण पाण्याच्या बॅटरीचं आयुष्य साधारण तेवढंच असतं. देखभालीची मुदत संपते तेव्हाच बॅटरीही दमते. पुढची बॅटरी घराच्या खिशातून. चुलीचाच धडा इथेही लागू पडतो.

मग २०२४ च्या फेब्रुवारीत 'पीएम सूर्य घर मोफत वीज योजना' आली. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार, तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार. हा सगळा हिशोब पॅनेलच्या किलोवॅटवर आहे. बॅटरी बसवायला बंदी नाही, पण तिच्यासाठी वेगळी रक्कमही नाही. यामागे एक विचार आहे. लाईट असलेल्या गावात दिवसाची जादा वीज मीटरमधून महावितरणला जाते आणि रात्री आपण ती परत वापरतो. सरकारच्या हिशोबात लाईनच आपली बॅटरी झाली. साठवणुकीसाठी केंद्रानं २०२३ मध्ये मदत मंजूर केली, पण ती मोठ्या वीज साठवण प्रकल्पांना, घरांना नाही.

पण हा हिशोब गावात अडतो. साधी सौर यंत्रणा लाईट गेली की आपोआप बंद पडते. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून तशी रचना असते. त्यामुळे भर उन्हातही छतावर पॅनेल आणि घरात पंखा बंद, असं होतं. बसवणारे ही गोष्ट आधी सांगत नाहीत आणि मग बाई घाईघाईनं बॅटरी घेते. आमच्या ताईंचं हेच झालं.

म्हणून आमच्या गटानं आता काही नियम केले आहेत. बॅटरीसाठी कर्ज मागितलं तर कोटेशनमध्ये पॅनेल, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांची किंमत वेगवेगळी लिहिलेली हवी. "सबसिडी मिळेल" असं कोणी म्हटलं, तर कोणत्या योजनेतून, किती आणि कोणाच्या खात्यात, हे त्याच्या सहीनं लिहून घ्यायचं. योजनेची रक्कम सरकारी पोर्टलवर किंवा महावितरणच्या कार्यालयात पडताळायची.

दुसरं, गरजेपुरतीच बॅटरी घ्यायची. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १८०० वॅट-तास वीज मावते. बॅटरी टिकावी म्हणून निम्मीच वापरायची म्हटलं, तर ९०० उरतात. नऊ वॅटचे तीन दिवे आणि कमी विजेचा ३० वॅटचा पंखा मिळून ५७ वॅट होतात. मधली गळती धरली तरी रात्रभर पुरतं. फ्रीज आणि मिक्सरसाठी मोठी बॅटरी घेऊन कर्ज वाढवायची गरज नाही.

तिसरं, आपल्या जवळची दारं ठोठवायची. राज्यानं २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी केंद्राच्या रकमेवर जादा मदत देणारी योजना आणली. तीही पॅनेलसाठीच आहे. पण पॅनेलला घरचे पैसे कमी लागले, तर बॅटरीला हात मोकळा होतो. जिल्हा परिषदेच्या सेस फंडात महिला व बालकल्याणासाठी दहा टक्के राखीव असतात. त्यातून शिलाई मशीन आणि पिठाच्या गिरण्या मिळतात, हे आपल्याला ठाऊक आहे. रात्री शिवणकाम करणाऱ्या बाईला त्यातून दिवा-बॅटरी का मिळू नये? हा प्रश्न ग्रामसभेत मांडायचा आणि ठरावात लिहून घ्यायचा. संडास जोडायची जादा रक्कमही विचारणाऱ्यालाच कळली होती.

ताईंचा प्रश्न आमच्या गटानं तसाच ग्रामसभेत मांडला. ठराव लिहिला गेलाय, उत्तर अजून आलेलं नाही. ताईंचे हप्ते अजून चालू आहेत. पण परवा त्यांच्या शेजारणीकडे तोच बसवणारा आला, तेव्हा ताई स्वतः जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आधी बॅटरीची किंमत वेगळी लिही, मग बोलू."