आरोपीच्या पिंजऱ्यातले पूर्वज

आपला पूर्वज फासावर गेला असे कळले तर आपल्याकडे माणूस ते पान मिटून ठेवील. इंग्लंडात घराण्याचा इतिहास शोधणारे लोक मात्र फौजदारी खटल्यांचे जुने कागद मुद्दाम चाळतात. सरदाराची वंशावळ भाट लिहितो. मजुराच्या वाट्याला चर्चच्या वहीतल्या तीन नोंदी येतात : बाप्तिस्मा, लग्न, दफन. तो राहत कोठे होता, त्याच्या घरात माग किती, रात्री कोण कोठे झोपले होते, हे विचारले ते कोर्टानेच. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाच्या खटल्यांची छापील वृत्ते १६७४ ते १९१३ पर्यंतची आहेत. खटले सुमारे १ लक्ष ९७ हजार. २००३ पासून ती संगणकावर कोणालाही वाचता येऊ लागली.

त्यांत स्पिटलफील्ड्सचे रेशीम विणकर भेटतात. १७६० नंतर मजुरी घसरू लागली, तेव्हा त्यांनी गुप्त संघ केले व मागागणिक वर्गणी बसविली. न देणाऱ्याच्या मागावरचे रेशीम रात्री कापले जाई. १७६५ च्या कायद्याने ह्या गुन्ह्याला देहान्त शिक्षा ठेवली. थॉमस पूअर नावाच्या विणकराकडचे रेशीम कापल्याबद्दल जॉन डॉयल व जॉन व्हॅलिन ह्यांना डिसेंबर १७६९ मध्ये फाशी झाली. फाशीची नेहमीची जागा टायबर्न. ह्यांना मुद्दाम बेथनल ग्रीनला, विणकरांच्या वस्तीत नेले. दोघांनीही अखेरपर्यंत गुन्हा नाकारला.

नाव सापडले म्हणजे पूर्वज सापडला असे मात्र नव्हे. व्हॅलिन हे नाव कोठे व्हॅलॉइन असेही लिहिलेले आहे, आणि जॉन तर गल्लोगल्ली. वय, धंदा, वस्ती जुळवून पाहावी लागते. शिवाय ही वृत्ते विक्रीसाठी छापलेली. आरोपीचा बचाव पुष्कळदा दोन ओळींत उरकलेला. एका मोर्चानंतर माझ्यावरही खटला झाला होता. त्या कागदांत माझे नाव, वय, धंदा सर्व बिनचूक आहे. मोर्चा कशासाठी होता, एवढेच नाही.

ह्या दोघांच्या फाशीनंतर चार वर्षांनी, १७७३ मध्ये, विणकरांची मजुरी मॅजिस्ट्रेटांनी ठरवावी असा कायदा पार्लमेंटने केला. तो १८२४ पर्यंत टिकला. खटल्याच्या वृत्तात ह्यातले काही मिळत नाही. त्यासाठी दुसरे दप्तर सोडावे लागते.