गुडघ्यातील दुर्मिळ गाठ : कर्करोग नव्हे, तरीही दुर्लक्ष नको

मार लागल्याचे आठवत नाही, ताप नाही, तरीही एकच गुडघा महिनोन् महिने सुजलेला राहतो. अशा थोड्या रुग्णांत या सुजेचे मूळ सांध्याच्या अस्तरातील एका दुर्मिळ गाठीत असते. 'पिगमेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस' अर्थात 'पीव्हीएनएस' हे तिचे रूढ नाव. विशी ते चाळिशीच्या वयोगटात हा विकार प्रामुख्याने आढळतो.

नेमके काय होते?
गुडघ्याच्या पोकळीला आतून एका पातळ पटलाचे अस्तर असते. सांध्याचे वंगण तेथेच तयार होते. या विकारात अस्तर जाड होऊन त्यावर झालरी व गाठी उगवतात. त्यांतून वारंवार रक्तस्राव होतो आणि रक्तातील लोह साचून अस्तर गंजासारखे तपकिरी दिसू लागते. जॅफे, लिक्टेन्स्टाइन व सुट्रो या तज्ज्ञांनी १९४१ मध्ये या विकाराला हे नाव दिले, तेव्हा तो दाह मानला जात होता. प्रत्यक्षात मोजक्या पेशींतील जनुकीय बिघाडामुळे 'सीएसएफ-१' हे प्रथिन अतिरिक्त प्रमाणात तयार होते आणि त्याच्या ओढीने जमलेल्या भक्षक पेशींनी गाठ वाढते, हे २००६ मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे आता 'टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर' ही संज्ञा वापरली जाते.

निदान का लांबते?
दुखणे सावकाश वाढते. गुडघा आखडतो, कधी मध्येच अडकतो. सुरुवातीला एक्स-रेमध्ये बहुधा काही दिसत नाही. त्यामुळे जुनी दुखापत किंवा संधिवात समजून उपचार सुरू राहतात. आपल्याकडे सांध्याच्या क्षयरोगाचीही शंका घ्यावी लागते. सुईने काढलेले पाणी लालसर-तपकिरी निघाल्यास संशय बळावतो. साचलेले लोह एमआरआयमध्ये काळसर दिसते. खात्री मात्र बायोप्सीनेच होते.

उपचार
गाठ एकाच जागी असेल, तर ती काढून टाकल्यावर सहसा पुन्हा होत नाही. संपूर्ण अस्तरात पसरलेला प्रकार अधिक चिवट असतो. त्यात दुर्बिणीतून वा सांधा उघडून अस्तर काढावे लागते. तरीही गाठ पुन्हा उद्भवण्याची शक्यता राहते. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर काही वर्षे नियमित तपासणी आवश्यक ठरते. शस्त्रक्रियेने पुरेसा लाभ होणार नाही अशा रुग्णांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये पेक्सिडार्टिनिब या औषधाला मान्यता दिली. मात्र यकृताला गंभीर इजा होण्याचा इशाराही त्यासोबत दिला. २०२५ मध्ये विमसेल्टिनिबलाही तेथे मान्यता मिळाली.

ही गाठ सहसा जिवावर बेतत नाही, पण वर्षानुवर्षे राहिल्यास कूर्चा व हाड पोखरते. मग ऐन उमेदीत कृत्रिम सांधा बसवण्याची वेळ येऊ शकते. म्हणूनच तरुण वयात एकाच गुडघ्याची सूज औषधे घेऊनही हटत नसेल, तर केवळ वेदनाशामकांवर विसंबून न राहता अस्थिरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने एमआरआय तपासणीचा विचार करणे हिताचे ठरते.